मुलीचे मामा कुठे आहेत?

दादा घरात शिरतो, चपला काढतो, आईच्या पाया पडायला वाकतो आणि वाकलेलाच राहतो. आईला वाटतं, इतकी वर्षं परदेशात काढूनही पोराची भक्ती तसूभर कमी झाली नाही. ती डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. आशीर्वाद संपतो, तरी हा वाकलेलाच. मग खालून आवाज येतो, "आत्याबाई, हे फ्रिज कधीपासून असं गुनगुनून राह्यलं?"

"त्याले काय झालं? थंड तं करते."

"थंड करते हो. पन दोन सुरांत करते."

हा माझा मामेभाऊ. मूळचा अकोल्याचा, वय पन्नाशीला टेकलेलं, अंगाने किडकिडीत, आणि मान कायम डावीकडे कललेली, भिंतीपलीकडचं भांडण ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. खिशात रुमाल नसेल, पण टेस्टर असतो. तुमच्याही गोतावळ्यात असा एखादा असेलच. कीर्तनाला बसला तर बुवांचं निरूपण त्याच्या कानात शिरत नाही, मागच्या रांगेतला एक चिरकलेला टाळ तेवढा शिरतो. भातात खडा असला तर तो त्याच्याच दाताखाली येतो. अशा माणसांना घरचे सोसतात आणि पाहुणे टाळतात. दादाला मात्र या खोडीचा पगार मिळतो.

खोड लागली ती खोडदला. (ही कोटी मामांची, माझी नाही.) नारायणगावाजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पार २५ किलोमीटरवर पसरलेल्या. कॉलेजात असताना दादाने तिथे एक उन्हाळा काढला. आकाशातून येणारी ती लाट इतकी अशक्त असते, की रस्त्यावरची मोटरसायकल, कुणाचं वेल्डिंग, विजेच्या तारेवर उडालेली ठिणगी, जे येईल ते तिच्या उरावर बसतं. आजही तिथे फेब्रुवारीत विज्ञान दिनाचं प्रदर्शन पाहायला जाल तर मोबाईल बंद करून ठेवावा लागतो. तेव्हा तिथे दोन कामं असतात, आकाश ऐकणं आणि खालचा गोंगाट कुठून येतो ते शोधून काढणं. दादाचा जीव दुसऱ्यात रमला. पुढे तो परदेशातल्या एका विद्यापीठात गेला आणि मीटरच्या लाटांवरून मिलिमीटरच्या लाटांवर आला. मामा चारचौघांत खंत करायचे, "पोट्टं भायेर गेलं अन् हजारपट लहान झालं."

कामाचं नाव रीडआउट इलेक्ट्रॉनिक्स. त्यामुळे अकोल्यात पहिली समजूत अशी झाली, की पोरगा तिकडच्या वीज मंडळात लागला, मीटरचं रीडिंग घेतो. मामींच्या भिशीतल्या बायकांनी विचारलं, "मंग बिल बी तोच देते का?" दादाने एका दिवाळीत सगळ्यांना सतरंजीवर बसवून नीट समजावून सांगायचं ठरवलं आणि पहिल्याच वाक्यात घोटाळा केला. "आमच्या एका कॅमेऱ्यात तीन हजार किड आहेत," तो म्हणाला. किड म्हणजे कायनेटिक इंडक्टन्स डिटेक्टर, असं तो पुढे म्हणणार होता. पण समोर ताईचे, म्हणजे दादाच्या बहिणीचे, सासरे बसले होते. दर्यापूरकडचे, कपाशीवाले. ज्याची दोन सालं बोंडअळीने खाल्ली त्याच्यापुढे किडीचा आकडा सांगायचा नसतो.

"तीन हजार?" सासरे सावरून बसले. "मंग फवारनी काऊन नाई करत?"

दुसरा घोटाळा भाचीच्या साखरपुड्याच्या दिवशी. व्हिडिओ कॉलवर होणाऱ्या जावयाने शिष्टाचार म्हणून विचारलं, मामा, तुमचं काम नेमकं काय असतं? दादा खुलला. काही धातू अतिशय थंड केले की त्यांच्यातून वीज विनाअडथळा वाहते. हे १९११ साली हॉलंडमध्ये कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्यात पाहिलं. त्या थंडीत इलेक्ट्रॉन एकेकटे हिंडत नाहीत, जोडीने हिंडतात. "अन् आकाशातून प्रकाशाचा कण आला," दादा रंगात येऊन म्हणाला, "का तो पहिले ह्या जोड्या फोडते. किती जोड्या फुटल्या ते आमी मोजतो." मामींनी भरल्या घरात कॉल कट केला. साखरपुड्याच्या दिवशी कसलं हे अभद्र!

तर त्या भाचीचं लग्न मे महिन्यात निघालं. दादा मुलीचा सख्खा मामा, तेव्हा येणं भागच. नागपूरला विमानातून उतरून तो आधी अमरावतीत आमच्याकडे आला. उंबरठ्यावरच म्हणाला, "आज ३१८."

आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. हा गृहस्थ केल्विनमध्ये मोजतो. आपलं ४५ म्हणजे त्याचं ३१८. त्याचे डिटेक्टर राहतात शून्याच्या वर एक दशांश अंशावर. म्हणजे वऱ्हाडातल्या मे महिन्यापासून त्याच्या कामाच्या जागेपर्यंत ३१८ पायऱ्यांचा उतार, आणि शेवटची पायरी मोडून तिचे दहा तुकडे केलेले. एवढं थंड कसं करतात, हे त्याने मामांना पूर्वी एकदा सांगितलं होतं ते मला फार आवडतं. हेलियमचे दोन भाऊबंद असतात, एक हलका, एक जड. हलका आपल्या थरातून जड भावाच्या थरात शिरताना उष्णता सोबत घेऊन जातो, पाणी कूलरच्या ताटीवरून उडून जाताना घेऊन जातं तशी.

"म्हंजे कूलरच हाये," मामा म्हणाले.

"हाव. कूलरच."

"टाकीत पानी कोन टाकते?"

"टाका नाई लागत. तेच ते फिरत राह्यते."

"मंग डास होत असतीन," मामा म्हणाले आणि विषय मिटला.

रात्री आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली. दादाने मात्र आपली गादी कूलरच्या कडेला ओढली. त्याच्या प्रयोगशाळेतलं थंड करणारं यंत्र सेकंदाला सव्वा-दीडदा चिवचिवतं, त्याशिवाय त्याला झोप लागत नाही. आवाजाचा एवढा वैरी, पण घरच्या बाईचं घोरणं जसं खपतं तसं हे खपतं. पाण्याच्या टाकीवर दोन कबुतरं घुमत होती. त्यांच्याकडे पाहून त्याने मला पेन्झियास आणि विल्सन यांची गोष्ट पुन्हा सांगितली. पुन्हा म्हणजे सातव्यांदा. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीला या दोघांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक खरखर येत होती. कुठेही तोंड वळवा, दिवस असो की रात्र, खरखर आहेच. आत कबुतरांनी संसार थाटलेला. दोघांनी शिंग घासून पुसून विष्ठा काढली, कबुतरं धरून लांब पाठवून दिली. ती परत आली. शेवटी बंदूक आणावी लागली. कबुतरं गेली, खरखर राहिली. ती विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशाची निघाली, आता थंड होत होत पावणेतीन केल्विनवर आलेली. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्या जुन्या टीव्हीवर चॅनल नसलं की ज्या मुंग्या दिसायच्या, त्यातला एखादा टक्का त्या प्रकाशाचा असायचा.

"म्हनून," दादा म्हणाला, "खरखर आली का पहिले कबुतरं पाहाचे. कबुतरं नसले, तं मंग उभं राहून ऐकाचं."

आत्याबाईंच्या फ्रिजमध्ये विश्वाचा आरंभ असण्याची शक्यता कमी, हे त्यालाही माहीत आहे. पण तपासल्याशिवाय तो फ्रिजला मोकळं सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिला वडा खाऊन आम्ही अकोल्याला निघालो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात विक्रम झाला, हे मी अभिमानाने सांगितलं. दादा खिन्न झाला. त्याच्या प्रयोगशाळेला एक तार थंड डब्यात नीट उतरवायला आठ महिने लागले होते. मूर्तिजापूर मागे पडलं तरी तो त्या तारेवरच.

ती तार म्हणजे त्याच्या आयुष्याचं सार. डिटेक्टर तीन हजार. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर तीन हजार तारांवरून बाहेरचा उन्हाळा आत चालत जाईल, मुंग्या दोरीवरून शिंक्यात उतरतात तशा. म्हणून शेकडो डिटेक्टर एकाच तारेला टांगायचे. ही युक्ती अमेरिकेतल्या पीटर डे, जोनास झ्मुईडझिनास वगैरे मंडळींनी २००३ साली जगापुढे मांडली. स्पेनमधल्या सिएरा नेवाडा डोंगरावर ३० मीटरची एक दुर्बीण आहे, तिच्यावरच्या नीका-२ कॅमेऱ्यात सुमारे २९०० डिटेक्टर आहेत आणि तारा जेमतेम वीसेक. आता एका तारेवर शेकडो जण बोलत असताना कोण काय बोललं हे ओळखायचं कसं, तर ते ओळखणारी जी पेटी बाहेरच्या खोलीत असते, ती दादाची. दुर्बीण डोंगरावर, डिटेक्टर थंडीत, आणि दादा पेटीपाशी, मान डावीकडे करून.

या पेटीचं कौतुक कोणीही करत नाही. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचा पहिला फोटो आला तेव्हा वऱ्हाडातून त्याला अभिनंदनाचे फोन गेले, कारण मिलिमीटरच्या लाटांनी काढलेला फोटो, म्हणजे आपल्या दादाचाच. त्याने प्रत्येकाला सांगितलं, तो माझा नाही, त्या दुर्बिणींत सुपरकंडक्टर असतात पण ते मिक्सरचे, आमचे रेझोनेटर. मामींनी सगळीकडे सांगितलं, तिकडे मिक्सरनेही फोटो काढतात. त्यांच्याकडे पेपरातलं एक कात्रण आहे, त्यात एक पांढरी तबकडी आहे, माणूस एकही नाही. मामी तबकडीच्या खाली बोट ठेवून पाहुण्यांना दाखवतात, "ह्याच्या मांगं खोली हाये. तिच्यात हाये तो."

लग्न मूर्तिजापूर रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्त. लॉन म्हणायचं एवढंच. स्टेजपुढे हिरवा गालिचा, गालिचा संपला की काळी माती आणि तिला मे महिन्याच्या भेगा, एखादीत चप्पल जाईल अशी. वरपक्ष साताऱ्याकडचा. दुपारीच ताईच्या सासऱ्यांनी दादाला गाठलं. हवेतली वाफ मिलिमीटरच्या लाटा पिऊन टाकते, म्हणून दुर्बिणी कोरड्या जागी लावतात, एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. "मंग आमच्या खारपानपट्ट्यात काऊन नाई लावत? अथी पानी नाईच!"

"उंची पाह्यजे बाबाजी. चिलीत पाच हजार मीटरवर लावल्या."

"चिखलदऱ्यावर लाव."

"तो अकराशे मीटर. अन् पावसायात तथी हात पुढं केला तं हात दिसत नाई."

सासरे उठून गेले. सरकार वऱ्हाडावर अन्याय करतं हे त्यांना माहीत होतं, आता आकाशही.

पाचच्या सुमारास माइक लागला आणि लाउडस्पीकरमधून एक गुर्रर्र सुरू झाली. सातशे माणसांच्या गलबल्यात ती कोणाला जाणवलीही नाही. दादाच्या हातातलं शरबत मात्र तोंडापर्यंत जाता जाता थांबलं.

"पन्नासचा हाये," तो म्हणाला.

"कोण?"

"सूर. शंभरचा असता तं पावर सप्लाय म्हातारा झाला म्हनलं असतं. पन्नासचा, म्हंजे जोडनीत घोय."

मी त्याला सांगितलं, आज तू मुलीचा मामा आहेस, एवढंच काम कर. तो हो म्हणाला, आणि पाच मिनिटांनी स्टेजमागे दोन पाय दिसले, नव्या धोतरातले.

माइकवाला साठीचा होता, तोंडात पान, डोक्याला दुपट्टा. पाहुणा आपल्या वायरींना हात लावतो आहे म्हटल्यावर तो आधी वैतागला. मग त्याने दादाला वायरीवरून बोट फिरवत उकिडवं चालताना पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं काहीतरी आलं. दोघांनी मिळून पाच मिनिटांत पत्ता लावला. अ‍ॅम्प्लिफायरची पिन होती हॉलच्या बोर्डात. स्टेजवरचा मिक्सर होता डेकोरेशनच्या बोर्डावर, त्याला अर्थिंग लॉनच्या कडेला ठोकलेल्या वेगळ्या सळईचं. दोन्हींची जमीन सारखी नाही, म्हणून माइकच्या वायरीच्या जाळीतून फुकटची वीज ये-जा करत होती.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," दादा म्हणाला.

"अन् दोन अर्थिंगचा माइक गुरगुरे," माइकवाल्याने पूर्ण केलं.

मिक्सरची वायर हॉलच्या बोर्डापर्यंत आणायला लांब एक्स्टेन्शन हवं होतं, ते आणायला पोरगा धावला. तेवढ्या वेळात माइकवाल्याने विचारलं, साहेब तिकडं काय करतात. दिवाळीत साऱ्या खानदानाला जे कळलं नव्हतं ते दादाने तिथे पाण्याच्या टेबलावर सहा स्टीलचे पेले मांडून सांगितलं. प्रत्येकात पाणी कमी-जास्त. चमच्याने वाजवलं, सहा वेगळे सूर. "आमच्या डिटेक्टरचं असंच. दरेकाचा सूर येगया. तारेतून आमी एकदाच सगये सूर पाठोतो, कंगव्यासारखे. आता ह्या पेल्यात थेंब पडला." त्याने बोटाने थेंब टाकला, पुन्हा थोडं पाणी ओतलं आणि वाजवलं. सूर उतरला. "आकाशातून प्रकाश पडला का त्या डिटेक्टरचा सूर असा खाली येते. बाकीचे जागच्या जागी. कोनता उतरला, किती उतरला, हे सेकंदाला शंभरदा पाह्याचं."

माइकवाल्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "म्हंजे जलतरंग हाये. पन वाजवनारा तुमी नाई. तुमी फक्त ऐकता."

"हाव."

"अन् तारेत माही गुर्रर्र शिरली तं?"

"तं कोनता पेला उतरला तेच समजत नाई."

दादा त्याच्याकडे एखाद्या प्रबंधाकडे पाहावं तसा पाहत राहिला. माइकवाला म्हणाला, "चाळीस वर्सं झाले साहेब. माइक चांगला लागला म्हनून कोनी पान दिलं नाई. शिट्टी वाजली का सगये मांगं पाहातेत."

"आमच्याकडं बी," दादा म्हणाला.

एक्स्टेन्शन आलं. पण दादाचं मन त्या सळईत अडकलं होतं, कारण स्टेजच्या लोखंडी खांबाला हात लावला तर मुंग्या येत होत्या. काळी माती ओली असली तर अर्थिंगला सोन्यासारखी, पण मे महिन्यात ती फाटते आणि सळई भेगेत नुसती उभी राहते, कुणाशी संबंध नसलेल्या माणसासारखी. दादा आचाऱ्याकडे गेला, वरणाच्या वाट्याचं दोन मुठी मीठ मागून आणलं, बादलीत कालवलं आणि सळईच्या बुडाशी ओतायला लागला.

याच वेळी साताऱ्याच्या पाहुण्यांतल्या एक आजी तिकडून चालल्या होत्या. संध्याकाळची वेळ, फेटा बांधलेला मुलीचा मामा वाकून जमिनीत उभ्या केलेल्या लोखंडाला पाणी घालतोय, शेजारी एक माणूस हात जोडल्यासारखा उभा (तो हातांनी वायर ताणून धरत होता). वऱ्हाडात काय काय रीती असतात, त्यांना काय ठाऊक! त्यांनी सुनेला हाक मारली, कुंकवाचा करंडा मागवला आणि सळईला हळदीकुंकू वाहिलं.

"किती वेळा घालायचं हो पाणी?" त्यांनी अदबीने विचारलं.

"भेगा भरेस्तोवर," दादा म्हणाला.

आजींनी सुनेला दुसरी बादली आणायला पाठवलं.

तिकडे स्टेजवर अंतरपाट धरला गेला. "मुलीचे मामा कुठे आहेत? मामांनी मुलीला घेऊन यावे," गुरुजींनी माइकवरून पुकारा केला, गुर्रर्रसकट. मामा नाहीत. ताई माझ्याकडे पाहायला लागली, मी मंडपाकडे. "मुलीचे मामा कुठे आहेत?" दुसऱ्यांदा, गुर्रर्र कायम. सासरे म्हणाले, चिखलदऱ्याले गेले असतीन. मी सख्खा नसलो तरी मामाच म्हणून पुढे सरकलो, आणि तिसऱ्यांदा गुरुजी म्हणाले, "मुलीचे मामा..." एवढ्यात आवाज असा स्वच्छ झाला, की गुरुजींना स्वतःचाच श्वास ऐकू आला आणि ते पुढचं विसरले. सातशे माणसं एकदम गप्प झाली. का गप्प झालो हे कोणालाच कळलं नाही. लांब रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला, आचाऱ्याच्या कढईतली पुरी फुगलेली ऐकू आली.

मागून मामा आला. फेटा तिरपा, धोतराला चिखल, हात कोपरापर्यंत काळे.

"मामा, हात!" भाची शालू आवरत किंचाळली. दादाने हात उपरण्याला पुसले, उपरणं काळं केलं, आणि तिला घेऊन अंतरपाटापाशी गेला. मी मुद्दामच त्याच्या शेजारी उभा राहिलो.

पहिलं मंगलाष्टक इतकं सुरेख वाजलं की गुरुजींनी दुसरं अधिक उंच लावलं. दादाची मान पहिल्यांदा सरळ झालेली मी पाहिली. त्याचे डोळे मिटलेले होते. स्टेजखालून माइकवाल्याने त्याच्याकडे पाहून दोन बोटं फेट्याला लावल्यासारखं केलं, पण दादाने ते पाहिलं नाही.

तिसऱ्या अष्टकाच्या मध्यावर लाइट गेली. मंडपामागे जनरेटर धडधडला, दिवे आले, आणि लाउडस्पीकरमधून पुन्हा काहीतरी गुरगुरलं, पहिल्यापेक्षा किंचित जड. दादाची मान सावकाश डावीकडे कलली.

"एकोनपन्नास," तो पुटपुटला.

मी त्याच्या उपरण्याचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं.